सुटकेसमधल्या चेटकिणी

आत्या अमेरिकेहून आली की आमच्या घरी एक सोहळा असतो, सुटकेस उघडण्याचा. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा हॉलच्या मधोमध आडव्या होतात, आई चहा टाकते, बाबा 'मला काही नको हं' म्हणत सोफ्याच्या अगदी कडेला येऊन बसतात आणि नव्वदीतली आजी खुर्चीतून सगळ्यावर देखरेख ठेवते. बदामाची पाकिटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या, घरातल्या कुणालाच न बसणारे टी-शर्ट... क्रम ठरलेला. यंदा मात्र टॉवेलच्या घडीखालून निघाली सात पुस्तकं. सगळ्यात वरच्या पुस्तकावर टोकदार टोपी घातलेली चेटकीण.

"दिवाळी आठ दिवसांवर आलीय आणि घरात चेटकिणी कुणी मागवल्या?" आजीने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तर मंडळी, कबुलीजबाब. या पानावर मी एरवी तुम्हाला नवे कॅफे आणि वीकएंडचे प्लॅन्स सांगत असते. पण गेली काही वर्षं माझ्या फ्रीलान्सिंगच्या (आधीच उशिरा येणाऱ्या) चेकमधला एक हिस्सा हॅलोविनवरच्या जुन्या अमेरिकन चित्रपुस्तकांवर खर्च होतो. लहान मुलांच्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वी छापलेल्या. हॅलोविन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहितीये. पब, एंट्रीला जांभळा दिवा, आणि टॉयलेट पेपर गुंडाळून ममी झालेला अकाउंट्समधला तो एक जण. त्या पार्टीला मी एकदा गेलेय, पुन्हा जाणार नाही. माझं प्रकरण वेगळं आहे.

सुरुवात झाली २०१९मध्ये. मास कॉमचं शेवटचं वर्ष, खिशात पैसे नाहीत आणि पुण्यात किलोवर पुस्तकं विकणारं प्रदर्शन लागलेलं. तुम्ही गेला असालच अशा ठिकाणी. परदेशी लायब्ररींनी काढून टाकलेली, दुकानात न खपलेली पुस्तकं कंटेनर भरून येतात आणि बटाट्यासारखी वजनावर विकली जातात. त्या ढिगात मला एक पातळसं पुस्तक सापडलं, रॉबर्ट ब्राइट यांचं 'जॉर्जीज हॅलोविन', १९५८चं. जॉर्जी हे एक लाजाळू भूत आहे. १९४४च्या पहिल्या पुस्तकात तो व्हिटेकर नावाच्या नवरा-बायकोच्या घरात राहतो आणि रोज रात्री जिन्याची पायरी आणि दार जरासं करकरवतो. एवढंच त्याचं काम. त्या आवाजावर घरातल्यांना कळतं की झोपायची वेळ झाली. मग एक दिवस व्हिटेकर पायरीला खिळा ठोकतात, बिजागरीला तेल घालतात आणि बिचाऱ्या भुताची नोकरीच जाते! हॅलोविनच्या पुस्तकात गावात वेषभूषेची स्पर्धा असते. जॉर्जी उतरला तर जिंकणार हे सगळ्यांना दिसत असतं, पण उतरायला तो लाजतो.

मला भूत आवडलंच. पण खरी विकेट गेली ती शेवटच्या पानावर. तिथे लायब्ररीचा कागद चिकटवलेला होता, पुस्तक परत करायच्या तारखांचे शिक्के मारलेला. १९७१पासून १९९३पर्यंत. जवळजवळ सगळ्या तारखा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या. म्हणजे दरवर्षी ऑक्टोबरात कुणीतरी पोर हे पुस्तक घरी नेत होतं, हॅलोविन झाला की परत आणून देत होतं, आणि मग पुस्तक अकरा महिने कपाटात. मध्येच एक शिक्का १२ एप्रिलचा. एप्रिलमध्ये हॅलोविनचं पुस्तक कुणाला लागलं असेल? मी त्यावर अजूनही विचार करते. आणि सगळ्यात शेवटी, आडवा, लाल शाईत 'डिस्कार्ड'.

वजन करून चाळीस रुपये झाले. मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. न्यू जर्सीत तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. आतेबहिणीचा, म्हणजे ताईचा, ताबडतोब मेसेज आला, "हे कुठे मिळालं तुला?" मागोमाग फोनच.

ताई माझ्याहून एकोणीस वर्षांनी मोठी. आत्या लग्न होऊन १९७६मध्ये तिकडे गेली, ताईचा जन्म तिकडचाच. सुरुवातीची काही वर्षं ३१ ऑक्टोबरला आत्या संध्याकाळी पोर्चचा दिवा बंद करून बसायची. दिवा बंद असला की मुलं त्या घराची बेल वाजवत नाहीत, एवढं शेजारणीने सांगितलेलं. पण १९८३मध्ये ताई किंडरगार्टनला गेली आणि शाळेतून चिठ्ठी आली, शुक्रवारी मुलांना वेष करून पाठवा. कसला वेष? का? कुणाला विचारायचं? आत्या सरळ गावातल्या पब्लिक लायब्ररीत गेली. तिथल्या बाईंनी तिच्यापुढे हॅलोविनच्या मुलांच्या पुस्तकांची चळत ठेवली. आत्याने ती घरी नेली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अक्षरशः अभ्यास केला. भोपळा कसा कोरतात, दारात काय म्हणतात, चॉकलेटं किती द्यायची. त्यातलाच एक जॉर्जी. तो बघून तिने ताईला भूत केलं. पांढऱ्या कापडाचं. कुठल्या कापडाचं, ते पुढे येईल.

फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की ही पुस्तकं म्हणजे नुसती गोंडस चित्रं नाहीत. आणि मग नाद लागला तो लागलाच.

नाद लागला की माणूस इतिहासात शिरतो. आज आपण सिनेमात बघतो तो घरोघर चॉकलेटं मागत फिरण्याचा हॅलोविन मुळात फार जुना नाही. अमेरिकेत तो पसरला १९३०च्या दशकात. त्याआधी त्या रात्री टारगट पोरं फाटकं उखडायची, लोकांच्या खिडक्यांना साबण फासायची. त्यांना गोड देऊन गप्प बसवणं हा त्यावरचा उपाय. मग महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं, खाऊ थांबला, आणि युद्धानंतर नव्या उपनगरांत, भरपूर मुलं असलेल्या गल्ल्यांत हा सण जोरात परतला. पुस्तकं ओळीने लावली की हे सगळं दिसतं. ताशा ट्युडर यांचं पहिलं पुस्तक, 'पम्पकिन मूनशाइन', १९३८चं. त्यात फक्त एक मुलगी, आजी-आजोबांचं शेत आणि टेकडीवरून गडगडत सुटलेला भोपळा. वीस वर्षांनी, १९५८मध्ये, मेरी कॅल्हून यांचं 'वॉबल द विच कॅट' येतं. यातल्या मांजराला झाडूवरून घसरून पडायची भीती वाटते, म्हणून ते झाडूच कचऱ्यात टाकून देतं. मग चेटकीण कशावर बसून उडते? व्हॅक्यूम क्लीनरवर! घराघरात नवी मशीन्स येत होती ना, त्याचाच हा परिणाम. आणि १९५९मध्ये डॉन फ्रीमन यांची चेटकीण चक्क अंतराळयान बांधते. रशियाचा स्पुटनिक वर जाऊन दोनच वर्षं झाली होती.

आता जरा टेक्निकल. ही जुनी पुस्तकं दिसायला इतकी वेगळी का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. केशरी, काळा, फार तर एखादा पिवळा किंवा हिरवा. पण अंगावर येणारा केशरी. आजच्या पुस्तकात हजार छटा असून तो जोर नाही. त्याचं कारण पैसे. पूर्ण रंगीत छपाई महाग होती, म्हणून प्रकाशक चित्रकाराला सांगायचे, तुला दोन रंग मिळतील, नाहीतर तीन. आणि ते रंग वेगळे करायचं कामही बऱ्याचदा चित्रकारालाच करावं लागायचं. काळ्या रेघांचं चित्र एका कागदावर. त्याच्यावर पारदर्शक शीट ठेवून फक्त केशरी भाग दुसऱ्यावर. तिसरा रंग असेल तर तिसरी शीट. गंमत म्हणजे प्रत्येक शीटवर काम काळ्या रंगातच करायचं. छापखान्यात त्या त्या शीटची वेगळी प्लेट व्हायची आणि एकावर एक रंग चढायचे. म्हणजे पुस्तक छापून येईपर्यंत चित्रकारालाही आपलं चित्र नेमकं कसं दिसणार ते डोक्यातच बघावं लागायचं. शीट केसभर हलली की केशरी रंग भोपळ्याच्या बाहेर सांडलेला. माझ्याकडच्या दोन पुस्तकांत तो तसा सांडलाय, आणि माझी ती पानं जास्त लाडकी आहेत. तर विचार करा, बजेट दोन रंगांचं आणि सणाचे रंगही दोनच. हॅलोविनला ही गरिबी शोभून दिसली. ख्रिसमसची दोन रंगी पुस्तकं बघा, नेहमी काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट, ही पुस्तकं उरतात कमी. आपल्या दिवाळी अंकांसारखंच आहे हे. वर्षातून एकदा त्यांचे दिवस येतात, तेव्हा हातोहात फिरतात आणि मग एक दिवस रद्दी. (एक योगायोग सांगू? का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला १९०९मध्ये. अमेरिकेतल्या डेनिसन या क्रेप पेपरच्या कंपनीने हॅलोविनची सजावट कशी करावी हे सांगणारं पहिलं 'बोगी बुक' काढलं तेही १९०९मध्येच. ती मुलांची पुस्तकं नव्हेत, आणि माझ्या आवाक्यातलीही नव्हेत.) त्यात पुन्हा वाचणारे सहा वर्षांचे. जेवढं पुस्तक आवडीचं, तेवढे त्याचे हाल.

आणि इथेच या बाजाराचं मला न पटणारं गणित सुरू होतं. जुन्या पुस्तकांच्या कॅटलॉगची भाषा शिकावी लागते. 'गुड' लिहिलं असेल तर समजायचं, अवस्था बेताची. 'फाइन' म्हणजे जवळजवळ न हाताळलेलं. वरचं कागदी जॅकेट हवं. जॅकेटच्या आतल्या कोपऱ्यातली किंमत कुणी कात्रीने कापलेली नको, आणि तशी ती बहुतेकदा कापलेली असते, कारण पुस्तक भेट दिलेलं असतं. आतल्या पानावर मुलाचं नाव असलं की भाव खाली. क्रेयॉन असला की आणखी खाली. 'एक्स-लायब्ररी', म्हणजे शिक्के, खिसा, तारखांचा कागद, असलं की जवळजवळ मातीमोल. थोडक्यात, ज्या पुस्तकाला कुठल्याही मुलाने हात लावला नाही, ते मुलांचं पुस्तक सगळ्यात महाग!

अर्थात मीसुद्धा त्या गणिताला बळी पडले. एकदा 'जॅकेटसह' म्हणून एक पुस्तक हौसेने मागवलं, दोन महिन्यांनी हातात आलं तर जॅकेट म्हणजे सरळसरळ कलर झेरॉक्स. विक्रेत्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं की जॅकेट ओरिजिनल आहे असं मी कुठे म्हटलं होतं? खरंच म्हटलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक ओळ दोनदा वाचते.

पण जुनी प्रतच का, नव्याने छापलेली का नको, असं माझा मित्र विचारतो. त्याला मी ॲल्विन श्वार्ट्झ यांच्या 'स्केअरी स्टोरीज टु टेल इन द डार्क'चं उदाहरण देते. १९८१चं पुस्तक, आत स्टीफन गॅमेल यांची चित्रं. वितळल्यासारखे चेहरे, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. १९९०च्या दशकात अमेरिकन लायब्ररींतून काढून टाका म्हणून सगळ्यात जास्त तक्रारी याच मालिकेविरुद्ध झाल्या. पुस्तक टिकलं. पण तिसाव्या वर्षाच्या सुमारास प्रकाशकाने गोष्टी त्याच ठेवून चित्रं बदलली. दुसऱ्या चित्रकाराची, बऱ्यापैकी सौम्य. लहानपणी ज्यांची झोप उडाली होती ते वाचक मोठे झाले होते, ते खवळले. आमची भीती परत द्या म्हणाले. २०१७मध्ये जुनी चित्रं परत आली. मधल्या काळात ज्याच्या घरी फाटकी, शिक्क्यांची प्रत होती, त्याच्याकडेच ते पुस्तक खऱ्या अर्थाने होतं.

परत ताईकडे येते. तिची स्वतःची अशी बरीच पुस्तकं होती. शाळेत वाटल्या जाणाऱ्या ऑर्डर फॉर्मवरून घेतलेला लाल कुत्रा क्लिफर्ड, गराज सेलमध्ये पंचवीस सेंटला मिळालेली इतर. १९९६मध्ये ती कॉलेजला गेली आणि आत्याने दोन खोकी भरून लायब्ररीच्या सेलला देऊन टाकली. ताई थँक्सगिव्हिंगला घरी आली तेव्हा कपाट रिकामं. ती काही बोलली नाही. मला वाटतं पंचवीस वर्षं बोलली नव्हती. फोनवर मला म्हणाली, "एक पुस्तक शोधशील? नाव आठवत नाही. एक छोटीशी चेटकीण असते, तिला धड काहीच जमत नाही. आणि शेवटी ती आपला चेहरा काढून ठेवते."

चेहरा काढून ठेवते?

अशी माणसं जगात पुष्कळ आहेत, ज्यांना एवढंच आठवतं. अमेरिकेत क्लीव्हलँडला लोगनबेरी बुक्स नावाचं दुकान आहे, त्यांची तर या कामासाठी खास सेवा आहे, 'स्टम्प द बुकसेलर'. थोडी फी भरायची, आठवेल ते लिहायचं, आणि दुकान व त्याचे वाचक मिळून पुस्तक शोधतात. मला मात्र उत्तर अचानक मिळालं, एका कॅटलॉगमधल्या चार ओळींत. लॉर्ना बॅलियन यांचं 'हंबग विच', १९६५. चेटकिणीला झाडू उडवता येत नाही, काढा जमत नाही, मग कंटाळून ती टोपी काढते, हातमोजे काढते, केस काढते, मुखवटा काढते. आणि आत एक लहान मुलगी.

वर्गातल्या एकुलत्या एका भारतीय मुलीला नेमकं हेच पुस्तक का आठवत राहिलं असेल, हे मी ताईला विचारलेलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं.

दोन प्रती मिळत होत्या. एक पहिली आवृत्ती, स्वच्छ, जॅकेटसकट, नव्वद डॉलर. दुसरी लायब्ररीची, क्रेयॉनने रंगवलेली, सहा डॉलर. ताईचा पंचेचाळिसावा वाढदिवस तोंडावर होता. मी मन घट्ट करून नव्वदवाली घेतली (त्या महिन्यात कॅफेचा रिव्ह्यू लिहिला तो एका कॉफीवर). आणि सहावाली माझ्यासाठी, नुसती वाचायला. दोन्ही ताईच्याच पत्त्यावर, कारण तिथून सुटकेस मार्गे पुण्याला येणं हाच माझा स्वस्त कुरिअर.

वाढदिवसाला व्हिडिओ कॉलवर ताईने नव्वदवाली उघडली. छान आहे म्हणाली, थँक्स म्हणाली, उगाच एवढे पैसे घातलेस म्हणाली. जपून पानं उलटली, जपून मिटली. मला कळलं की काहीतरी चुकलं, पण काय ते कळेना.

चार दिवसांनी दुसरं पार्सल पोचलं. ते माझं होतं, पण तिने उघडलं. रात्री तिचा फोन. बराच वेळ काही बोलेचना. मग म्हणाली, "यात कुणीतरी चेटकिणीचं तोंड हिरवं केलंय गं. मीपण केलं होतं. रेघेच्या बाहेर गेलं होतं म्हणून रडले होते." मी विचारलं, "मग पुढच्या वेळी आत्याबरोबर पाठवशील ना?" ती म्हणाली, "ही नाही मिळणार तुला. दुसरी घे."

तर आमच्या हॉलमध्ये टॉवेलखालून निघालेली सगळ्यात वरची चेटकीण म्हणजे ती नव्वद डॉलरची, स्वच्छ, कुणीही न वाचलेली. आता माझ्या कपाटात आहे. आत्याने ती माझ्या हातात देताना म्हटलं, "मला वाटलं होतं मोठी झाली, आता तिला कशाला लागतायत. विचारायला हवं होतं." एवढंच. मग चहा घेतला.

रात्री जेवणं झाल्यावर बघते तर आत्या माझ्या खोलीतून 'जॉर्जी' घेऊन आजीच्या पलंगावर बसलेली. इंग्रजी पान बघत मराठीत वाचून दाखवत होती.

"भूत आहे आणि लाजतं?" आजी.

"हो ना. सगळे म्हणतात तूच जिंकशील, पण हा पुढेच येत नाही. अगदी असंच केलं होतं मी हिच्या ताईला, किंडरगार्टनमध्ये. डोक्यावरून पांढरं घालून, डोळ्यांना दोन भोकं."

"एवढं पांढरं कापड कुठून आणलंस तिकडे?"

आत्या थांबली. चष्मा पुसायला लागली.

"अगं आई, ते... लग्नात बाबांनी ह्यांना दिलेलं धोतर होतं ना, पूजेचं..."

"जरीकाठी?" आजी उठून बसली.